बँकेच्या चिल्लरमधून नाणेसंग्रह : नागपुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमचा मोठा सहावीत असताना त्याने मोबाइलवर एक अमेरिकन माणूस पाहिला. तो बँकेतून कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळकांड्या आणायचा, टेबलावर फोडायचा आणि त्यातून १९६४ पर्यंतचे चांदीचे अर्धे डॉलर वेचून दाखवायचा. "आई, आपण पण आणू ना रोल." दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना मी बँकेत शिरले आणि काउंटरवर रोल मागितले. कॅशियरने चष्म्यावरून पाहिलं. "कशाचा रोल? इथं नाही भेटत मॅडम, बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे पाहा."

आपल्याकडे रोल नसतात, हे मला असं कळलं. आपल्याकडे शंभर नाण्यांचं प्लास्टिकचं पाकीट असतं, नाहीतर टांकसाळीतून शिवून आलेली पिशवी. आणि त्यात चांदी नसते. १९४७ सालचा रुपयासुद्धा निकेलचा होता, त्यामुळे बँकेच्या पाकिटात चांदीचा रुपया सापडेल ही आशा घरीच ठेवून निघा.

मग सापडतं काय? चार टांकसाळींच्या खुणा, पन्नासच्या वर स्मारक नाणी (एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीसाठी काढलेली), परदेशात पाडलेली भारतीय नाणी आणि क्वचित एखादं चुकून वाकडं छापलेलं. हे सगळं दर्शनी किमतीत. पाचचं नाणं पाच रुपयांतच मिळतं आणि नको असेल तर पाच रुपयांतच जातं. या छंदात पैसा बुडत नाही, वेळ बुडतो. मी सहा वर्षांत बराच बुडवला आहे, तुमचा थोडा वाचावा म्हणून हे लिहिते.

काय काय लागेल

कागदपत्रं फार नाहीत. ज्या शाखेत तुमचं खातं आहे तिथलं पासबुक आणि पैसे काढायची स्लिप किंवा चेक. शाखा अनोळखी असेल तर आधारची एक झेरॉक्स जवळ असू द्या. मला दोनदाच मागितली. रोख देऊन नाणी घेणार असाल तर ५०० आणि १०० च्या नोटा न्या, फाटक्या नकोत.

भांडवल १,००० रुपये पुरे. तेच पुन्हा पुन्हा फिरतं.

सामान असं:

- जाड कापडी पिशवी. पाचची पितळी नाणी ६ ग्रॅमची, म्हणजे एक पाकीट ६०० ग्रॅम. दहाचं नाणं ७.७१ ग्रॅम, पाकीट पाऊण किलोच्या वर. पातळ कॅरीबॅग नेली तर बँकेच्या पायऱ्यांवर चिल्लर वेचत बसाल.
- घड्याळवाल्याकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग.
- एक लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला चालतो.
- ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा. इतवारीत सराफा ओळीच्या आसपास काटे विकणारी दुकानं आहेत.
- जुना टॉवेल, दोन ताटं, रेघांची वही.

हातमोजे नकोत. हात धुऊन कोरडे करा आणि नाणं कडेने धरा, एवढं बास.

१. काय जमवायचं ते आधी ठरवा

नवीन माणूस पहिल्या पाकिटातली निम्मी नाणी ठेवून घेतो. मीही घेतली. महिनाभरात घरात ३,००० रुपयांची चिल्लर साचली आणि नवऱ्याने शांतपणे विचारलं, "हा संग्रह आहे की गल्ला?"

तीन वाटा आहेत. एक, सालवार आणि टांकसाळवार संच: एकाच किमतीच्या नाण्याचं प्रत्येक साल, प्रत्येक टांकसाळीचं एकेक. दोन, स्मारक नाणी. तीन, चुकीची नाणी. सुरुवातीला पहिल्या दोनपैकी एकच धरा. तिसरी वाट मोहाची आहे, पण शंभरातली नव्याण्णव "चुकीची नाणी" नुसती ठोकरलेली किंवा झिजलेली निघतात.

किंमत कोणती? मी पाचच्या बाजूची आहे. जाड ठोकळा, पोलादी, पितळी, असे तिन्ही अवतार एका पाकिटात येतात आणि स्मारक नाण्यांची सगळ्यात मोठी पंगतही पाचमध्येच बसली आहे. एकच्या नाण्यांचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून मुलांसाठी चांगलं. दोनमध्ये एक सापळा आहे, तो पुढे सांगते. वीसचं बारा कोनी नाणं २०२० मध्ये चलनात आलं, त्यामुळे अजून त्यात शोधण्यासारखं थोडं.

२. शाखा निवडा आणि कॅशियरशी नीट बोला

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर जातो, आणि सगळं हिच्यावरच अवलंबून आहे.

नाणी भारत सरकारची आणि वाटप रिझर्व्ह बँकेचं. टांकसाळीतून नाणी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांकडे आणि मोठ्या बँकांच्या करन्सी चेस्टकडे (रिझर्व्ह बँकेची रोकड ठेवायच्या तिजोऱ्या) जातात, तिथून शाखांमध्ये. रिझर्व्ह बँकेचं नागपूरचं कार्यालय संविधान चौकात आहे. चौकाचं जुनं नावच आर.बी.आय. चौक. पण पहिल्याच दिवशी तिथे धावू नका. आपल्याला लागते ती फिरून आलेली चिल्लर, आणि ती बाजारातल्या शाखेत साठते.

इतवारी, गांधीबाग, कॉटन मार्केट, गोकुळपेठ, जिथे किराणा, भाजी आणि घाऊक माल विकला जातो तिथल्या शाखांमध्ये व्यापारी चिल्लर भरतात. सिव्हिल लाइन्ससारख्या कार्यालयांच्या भागात पगार खाती जास्त, चिल्लर कमी. मंदिराच्या दानपेट्यांचा पैसा ज्या शाखेत जातो ती शाखा मिळाली तर सोनंच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, त्याच दिवसांत कोराडीची नवरात्र असते. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यातल्या आहेत. बाहेरगावची नाणी त्या गर्दीबरोबर शहरात येतात आणि मग हळूहळू पाकिटांत शिरतात.

वेळ महत्त्वाची. महिन्याचा पहिला आठवडा पेन्शनवाल्यांचा, तेव्हा जाऊ नका. सोमवारी नाही. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंदच. मी बुधवारी किंवा गुरुवारी तीनच्या सुमारास जाते, तेव्हा रांग ओसरलेली असते.

काय बोलायचं? "जुनी नाणी आहेत का" असं विचारू नका. कॅशियरला वाटतं तुम्हाला राणीछाप हवी आहे आणि तो नाही म्हणून मोकळा होतो. "पाचची चिल्लर हवी, दोन पाकिटं, लोकांकडून जमा झालेली चालेल," असं म्हणा. हे शेवटचे शब्द विसरू नका. टांकसाळीच्या नव्या पिशवीत सगळी नाणी बहुधा एकाच सालाची, एकाच टांकसाळीची असतात. कोरं, चकचकीत एक नाणं हवं असेल तर ठीक, पण शोधायला त्यात काही नाही.

बहुतेक कॅशियर खूश होतात, कारण चिल्लर आणणारे शंभर आणि नेणारा एखादाच. गांधीबागेजवळच्या एका शाखेतले काका मला पहिल्यांदा म्हणाले, "लोकं आणून टाकून राहिले, तुम्ही घेऊन चालल्या? काय करून राहिल्या एवढ्या चिल्लरचं?" मी खरं सांगितलं. तेव्हापासून वेगळं दिसणारं नाणं ते ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवतात. खरं सांगणंच सोयीचं. दुकान आहे म्हणून थाप मारलीत तर पुढच्या वेळी कुठलं दुकान ते आठवावं लागेल.

नाणी वाटायला बँकांना प्रोत्साहन रक्कमही मिळते. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पिशवीमागे २५ वरून ६५ रुपये केली. तेव्हा आपण उपकार मागत नाही. पण हे बोलून दाखवू नका. एका शाखेत मला नकार मिळाला तेव्हा मी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून नेलं, काउंटरवर ठेवलं आणि पाकीट मिळवलं. नियमाने मी बरोबर होते. त्यानंतर त्या शाखेत मला दर वेळी "आज चिल्लर संपली" एवढंच ऐकायला मिळालं. नकार आला तर हसून "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात येते" म्हणा आणि दुसरी शाखा धरा. दिवाळीत चिवड्याचा डबा मात्र जुन्या शाखेतच द्या.

एका वेळी दोन-तीन पाकिटांच्या वर मागू नका. पिशव्यांच्या हिशेबात घाऊक नाणी धंद्याच्या कामासाठीच द्यायची, असं बँकांना सांगितलेलं आहे, आणि सहा किलो चिल्लर तपासता तपासता तुमचाच उत्साह संपेल.

३. काउंटर सोडण्याआधी मोजा

आता तो दोनचा सापळा. १९९२ पासून २०११ पर्यंतचं पोलादी एकचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि ४.८५ ग्रॅमचं होतं. २०११ मध्ये ₹ चिन्हाची नवी मालिका आली आणि तिच्यातलं दोनचं नाणं नेमकं त्याच मापाचं आणि वजनाचं निघालं. म्हणजे अंगठा दाखवणारा जुना एक रुपया आणि नवे दोन रुपये हातात सारखेच लागतात. काट्यावरही सारखेच. बँकेत चिल्लर वजनाने घेतली जाते, त्यामुळे दोनच्या पाकिटात एकची नाणी बेमालूम मिसळतात.

माझ्या एका पाकिटात एकवीस निघाली. २१ रुपये गेले. रक्कम फार नाही, पण दोनशे रुपयांच्या पाकिटात दहा टक्क्यांच्या वर घट आली आणि घरी गेल्यावर कुणाला सांगणार? तेव्हा काउंटरच्या बाजूला उभं राहून पाकीट उघडा, दहा-दहाच्या दहा चवडी लावा. चवडीत आकडे दिसत नाहीत म्हणून एकदा पसरूनही पाहा. रांग असेल तर कॅशियरला सांगून बाकावर, पण त्याच्या नजरेसमोर.

याच वेळी परदेशी नाणीही दिसतात. नेपाळ, श्रीलंका, आखाती देशांतली. ती कॅशियरला दाखवून बदलून घ्या किंवा मनापासून हवी असतील तर पाच रुपये सोडा. मी सोडते.

४. घरी तपासायची पद्धत

टॉवेल पसरा. त्यावर नाणी ओतली की आवाज होत नाही आणि ओरखडे पडत नाहीत. रात्री करणार असाल तर दिवा डोक्यावर नको, डाव्या बाजूला खाली ठेवा. तिरप्या उजेडात उठाव दिसतो.

*पहिली फेरी, नुसत्या डोळ्यांनी.* सगळी नाणी आकड्याची बाजू वर करून लावा. नेहमीची रचना नसलेलं प्रत्येक नाणं दुसऱ्या ताटात. शंभर नाण्यांना तीन-चार मिनिटं लागतात.

*दुसरी फेरी, टांकसाळीची खूण.* बहुतेक नाण्यांवर ती सालाच्या खाली असते:

- चौकट, पत्त्यांत असते तशी : मुंबई
- पाच टोकांची चांदणी : हैदराबाद
- गोल ठिपका : नोएडा
- काहीच नाही : कोलकाता

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात झिजलेली चौकट ठिपक्यासारखी दिसते आणि मळ भरलेली चांदणीही ठिपकाच वाटते. नोएडाचा ठिपका गुळगुळीत, पुरीसारखा फुगीर असतो. झिजलेल्या चौकटीला भिंगाखाली कुठेतरी एक कोपरा उरलेला असतोच. आणि "काहीच नाही" लिहिण्याआधी नाणं उजेडात फिरवून पाहा. माझ्या पहिल्या वहीत कोलकात्याची नाणी भरमसाट होती, त्यातली बरीचशी मुंबईची निघाली.

हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर चौकटीच्या आत ठिपका किंवा दुभंगलेली चौकट असते. ती दिसली तर भिंगाला चुना लागला असं समजू नका.

याहून मजेच्या खुणा परदेशी टांकसाळींच्या. आपल्याला नाणी कमी पडली तेव्हा सरकारने ती बाहेरून पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली एच असेल तर तो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. १९९८ च्या पोलादी रुपयावर एम आणि के जोडून असतील तर तो स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचा. एमच्या डोक्याशी छोटं वर्तुळ असलेला मेक्सिकोचा. १९९९ च्या पाचच्या ठोकळ्यावर रशियन लिपीतली तीन अक्षरं दिसली तर तो मॉस्कोचा. मला तो मॉस्कोवाला भाजीबाजारात सुट्या पैशांत मिळाला. मेथीची जुडी घेतली होती, ती तशीच दुकानाच्या फळीवर विसरून आले.

*तिसरी फेरी, चुंबक.* पोलादी नाणी चिकटतात. तांबे-निकेलचा पाचचा ठोकळा आणि पितळी पाच चिकटत नाहीत. दहाच्या बऱ्याच नाण्यांचं मधलं पांढरं चाक चिकटतं. याचा उपयोग काय? काही स्मारक नाणी दोन्ही धातूंत पाडली गेली. लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीचं पाचचं नाणं पोलादातही आहे आणि तांबे-निकेलमध्येही. डोळ्यांना फरक पटकन कळत नाही, चुंबकाला लगेच कळतो. चिकटलं नाही तर जपून ठेवा, पोलादी सहज मिळतं.

*चौथी फेरी, फिरलेला साचा.* नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरा, सिंह सरळ उभे. आता बाहुलीसारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. मागची बाजूही सरळ उभी दिसायला हवी. ती कलती किंवा उलटी आली तर दोन साच्यांपैकी एक फिरलेला होता. पाच-दहा अंशांचा कल नेहमीचा, त्याची नोंद नको. पंचेचाळीसच्या वर असेल तर ठेवा. ही चूक घरी ठोकून बनवता येत नाही.

दोन्ही बाजूंना एकच चित्र, एकीकडे उठावाचं आणि दुसरीकडे खोलगट उलटं, असं नाणं मिळालं तर त्याला बाजारात लाखी म्हणतात. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि पुढच्यावर त्याचाच ठसा उमटला की ते होतं. मला अजून मिळालेलं नाही.

५. काय बाजूला काढायचं

स्मारक नाण्यांची पूर्ण यादी इथे देत नाही, न्यूमिस्टा या संकेतस्थळावर चित्रांसह सापडते. सुरुवातीला नजर बसावी म्हणून मी आधी शोधली ती सांगते.

एकमध्ये १९९९ चे संत ज्ञानेश्वर, २००२ चे जयप्रकाश नारायण. दोनच्या अकरा कोनी नाण्यांत १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराज आणि १९९८ चे श्री अरविंद. पोलादी दोनमध्ये २००९ चे लुई ब्रेल. रेल्वेच्या दीडशे वर्षांचं २००३ चं नाणं मुलांना फार आवडतं, त्यावर कंदील धरलेला भोलू हत्ती आहे. पाचमध्ये दांडी यात्रा, १८५७ च्या उठावाची दीडशे वर्षं, मदर तेरेसा, रवींद्रनाथ, तंजावरच्या मंदिराची हजार वर्षं. दहामध्ये होमी भाभा, रिझर्व्ह बँकेचा अमृतमहोत्सव, काथ्या मंडळाची साठ वर्षं आणि २०१५ चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं. नागपुरात हे शेवटचं नाणं फार टिकत नाही. ज्याच्या हाती येतं तो खर्चतच नाही. ते मला पाकिटात दोनदाच मिळालं.

२०२२ ची स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची मालिका एक ते वीस अशी पाचही किमतींत आहे. आत्ताच कोऱ्या अवस्थेत एक संच काढून ठेवा. आज सगळीकडे आहे म्हणून कुणी ठेवत नाही, आणि पुढे मग झिजलेलंच मिळतं.

पन्नास पैसे एकच्या पाकिटात चुकून येतात. ते अजून कायद्याने चलनात आहेत. पंचवीस आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली.

६. उरलेली चिल्लर परत फिरवा

दोनशे नाण्यांतून सात-आठ ठेवली, उरलेल्या एकशे ब्याण्णवांचं काय? इथे बहुतेकांचा छंद अडतो.

ज्या शाखेतून घेतली तिथेच भरू नका. तुम्ही कॅशियरचं ओझं कमी करणारी व्यक्ती होता, पुढच्या आठवड्यात तेच ओझं परत आणणारी झालात. शिवाय तीच नाणी पुढच्या पाकिटात तुमच्याच हाती येतात. तपासलेल्या नाण्यावर खूण करायची कल्पना कुणाला सुचली असेल तर सोडून द्या. नाणं रंगवू नये, घासू नये. वितळवणं आणि मोडणं तर गुन्हाच आहे, नाणे अधिनियम २०११ प्रमाणे सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

माझी व्यवस्था अशी. घराजवळचा किराणावाला आणि तर्री-पोह्याची गाडी लावणारे भाऊ, दोघांनाही सकाळी सुटे लागतात. शंभर नाणी मोजून पाकिटात बांधून देते, नोटा घेते. कमिशन मागत नाही. बदल्यात त्यांच्या गल्ल्यातली वेगळी नाणी मला आधी दाखवायची, एवढंच ठरलेलं आहे. शहर बसचे कंडक्टरही सुट्यांना नाही म्हणत नाहीत. अशी उलटी वाट एकदा बसली की पाकिटांइतकंच तिथूनही मिळतं.

कधी कुणी दहाचं नाणं "चालत नाही" म्हणून परत करतं. दहाच्या चौदा वेगवेगळ्या रचना रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केल्या आणि सगळ्या वैध आहेत. १४४४० या क्रमांकावर फोन केला की ध्वनिमुद्रित माहिती मिळते. मी भाजीवालीला एकदा स्पीकरवर ऐकवली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याले चालते म्हणून काय झालं, माह्या गिऱ्हाइकाले चालाले पाह्यजे ना." ते नाणं मी परत पिशवीत टाकलं.

नाण्यात देणं समोरच्याने घ्यायलाच हवं याला मर्यादा आहे: एक आणि त्यावरच्या नाण्यांना एका व्यवहारात १,००० रुपये, पन्नास पैशांना १० रुपये. त्यामुळे शाळेची फी चिल्लरमध्ये भरायचा विचार करू नका. खात्यात भरायला मात्र बँका नाणी नाकारू शकत नाहीत. शंभर-शंभरची पाकिटं बांधून न्या, काम लवकर होतं.

खोटं नाणं सापडलं तर? कडा बोथट, सिंहांचे चेहरे पिठाच्या गोळ्यासारखे, वजन कमी. ते पुढे चालवू नका, बँकेत दाखवा.

७. साठवण, आणि नागपूरचा कूलर

धुऊ नका, घासू नका. पहिल्या महिन्यात मी २००७ चा टिळकांचा ठोकळा चिंच-मीठ लावून तांब्याच्या कळशीसारखा लख्ख केला. एका जाणकार गृहस्थांनी भिंगाखाली धरला, बारीक ओरखड्यांचं जाळं मला दाखवलं आणि म्हणाले, "आता हा पाच रुपयांचा झाला." फारच मळकं असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलं तर काही वर्षांत तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. खिडकीचे कागदी चौकोनी होल्डर मिळतात ते घ्या. त्यांच्या पिना चपट्या दाबा, नाहीतर शेजारचं नाणं खरवडतं.

आपल्याकडे लोक पावसाळ्याला भितात. मी उन्हाळ्याला भिते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरात पाण्याचा कूलर चालू होतो, आणि ज्या खोलीत कूलर त्या खोलीत चार महिने ओल. माझा अल्बम कूलरसमोरच्या कपाटात होता. जूनमध्ये उघडला तेव्हा पितळी पाचवर काळे ठिपके. आता अल्बम आतल्या खोलीत, स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह असतो.

वहीत प्रत्येक नाण्यामागे पाच रकाने पुरतात: किंमत, साल, खूण, कुठून मिळालं, कधी. "कुठून" हा रकाना भरायचा लोक कंटाळा करतात. वर्षभराने कोणती शाखा फळते ते तोच सांगतो.

८. लाखांच्या जाहिराती

"वैष्णोदेवीचं नाणं आहे? दहा लाख मिळवा." हे तुम्हालाही आलं असेल. ते नाणं २०१२ चं, पाच आणि दहामध्ये पाडलेलं, आणि पाकिटांत आजही निघतं. जाहिरातीतला माणूस फोटो मागतो, मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र म्हणून आणखी काही हजार. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलं की आपण असल्या व्यवहारात नाही, कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. आमच्या शाळेतल्या एका शिपाईमामांचे यात १,८०० रुपये गेले. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा सौदा दिसला की फोन ठेवा.

खऱ्या किमती कळाव्यात म्हणून एकदा नाण्यांच्या प्रदर्शनात जाऊन या. तिथे ज्ञानेश्वरांचा रुपया किती साध्या भावात विकतात ते पाहिलं की डोकं ठिकाणावर येतं.

राहता राहिलं एक. १९९० मध्ये बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा एक रुपया निघाला होता, तांबे-निकेलचा, २६ मिलिमीटर, ६ ग्रॅम. एक रुपयापर्यंतची तांबे-निकेलची जुनी नाणी बँकेत आली की पुन्हा वाटायची नाहीत, टांकसाळीकडे पाठवायची, असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. चलन म्हणून ती बाद नाहीत, पण काउंटरच्या आत गेलेलं नाणं सहसा परत बाहेर येत नाही. म्हणजे हा रुपया बँकेच्या पाकिटात नियमाने मिळायलाच नको. तो मिळेल किराण्याच्या गल्ल्यात, कंडक्टरच्या पिशवीत, नाहीतर कुणाच्या आजीच्या डब्यात. विकतही मिळतो आणि महाग नाही. पण माझ्या वहीतला तो रकाना मी विकत भरणार नाही, एक रुपयाला एक रुपया देऊनच भरणार. पोह्याच्या गाडीवाल्या भाऊंना फोटो दाखवून ठेवला आहे. गेल्या गुरुवारी त्यांनी हाक मारली, "ताई, भेटला वाटते तुमचा!" धावत गेले. १९८९ चा नेहरूंचा होता. तोही नव्हता माझ्याकडे.